एकलहऱ्याच्या चिमण्या आणि संध्याकाळचे साडेसात

गेल्या पंधरवड्यात नाशिकरोडला बिटको चौकातल्या एका टपरीवर दोन जण एकलहऱ्याच्या कोळशाच्या वीज केंद्रावरून अक्षरशः हमरीतुमरीवर आले. एक काका, थर्मलमधून रिटायर झालेले, त्यांचं म्हणणं ६६० मेगावॅटचं नवं युनिट आलंच पाहिजे, इतकी वर्षं नुसती आश्वासनं ऐकतोय, ते आलं नाही तर या भागाची वाट लागेल. दुसरा तिशीतला पोरगा, सातपूरला कुठल्यातरी कंपनीत, घरावर नुकतंच सोलर बसवलेलं, तो म्हणे काका कोळसा म्हातारा झाला आता, चिमण्या पाडा, पॅनल टाका, संपला विषय. मी बाजूला कटिंग घेऊन उभा. दोघांचंही शेवटपर्यंत ऐकलं आणि घरी येताना नुसती चिडचिड झाली, कारण दोघंही मेगावॅटवरून भांडत होते, आणि घराला मेगावॅट लागत नाहीत हो, घराला संध्याकाळी साडेसातला लाईट लागते.

माझं मत आधीच सांगून टाकतो, नंतर कोणी म्हणायला नको की हा कुंपणावर बसून बोलतो. एकलहऱ्याला कोळशाचं नवीन युनिट बांधू नये. आणि आहेत ती २१० मेगावॅटची तीन युनिटं घाईघाईने भंगारातही काढू नयेत. ही दोन वाक्यं एकमेकांच्या विरोधात वाटतील, काकांना पहिलं आवडणार नाही आणि त्या पोराला दुसरं. पण 'कोळसा की सोलर' हा प्रश्नच 'घरात किराणा हवा की फ्रीज' असल्यासारखा आहे. विचारायचं ते असं, की २०३५ ला, २०४५ ला, कुठल्या महिन्यात कुठल्या तासाला वीज कुठून येणार, ती कुठल्या तारेतून येणार आणि त्याचं बिल कोण भरणार. हे चार प्रश्न बाजूला ठेवून केलेली चर्चा म्हणजे नुसता टाईमपास.

देशपातळीवरही तोच घोळ चाललाय. २०२५ च्या मध्याला बातमी आली की देशाच्या स्थापित क्षमतेपैकी ५० टक्के आता बिगर-कोळसा, बिगर-गॅस झाली, २०३० चं टार्गेट पाच वर्षं आधी गाठलं. खरंय, आणि ती छोटी गोष्ट नाही. पण त्याच वर्षी प्रत्यक्षात तयार झालेल्या विजेपैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास कोळशातूनच आली. मग अर्धी क्षमता गेली कुठे? गेली नाही कुठेच, त्यातला मोठा भाग सोलर, तो रात्री झोपतो. एक मेगावॅट सोलर आणि एक मेगावॅट कोळसा कागदावर सारखे दिसतात, पण एक दिवसातले पाच-सहा तास जोमात चालतो आणि दुसरा, कोळसा असेल आणि बॉयलर धड असेल तर, चोवीस तास.

आता दुसऱ्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य करतो, आणि सुरुवात माझ्याच गच्चीपासून. माझ्याकडे तीन किलोवॅटचं सोलर आहे, ७८ हजारांची सबसिडी घेऊन बसवलेलं. मोबाईलवर त्याचा ग्राफ दिसतो, सकाळी हळूहळू चढतो, साडेबाराला टेकडी आणि सहाला सपाट. डिसेंबरात नाशिकला पारा आठ-नऊवर येतो तेव्हा आमच्या बिल्डिंगमधे सकाळी साडेसहाला सगळ्यांचे गिझर एकदम चालू होतात, तेव्हा तो ग्राफ शून्यावर. संध्याकाळी टीव्ही, पंखे, मिक्सर, मे महिन्यात एसी, तेव्हाही शून्य. बिल जवळपास शून्य येतं म्हणून मी बरेच दिवस लोकांना सांगत होतो की आमचं घर सोलरवर चालतं. खोटं आहे ते. माझं घर दुपारी ग्रिडला वीज देतं आणि संध्याकाळी ग्रिडकडून कोळशाची वीज घेतं, आणि नेट मीटरिंगमधे दोन्ही युनिटांची किंमत सारखी धरतात म्हणून माझं बिल सुटतं. दुपारची स्वस्त वीज देऊन संध्याकाळची महाग वीज तेवढ्याच भावात घ्यायची, हा धंदा मला परवडतो, पण कोणाला तरी महाग पडतोच की.

हिशोबही काकांच्या बाजूने बोलतो. एकलहऱ्याची तिन्ही मिळून ६३० मेगावॅट पूर्ण दिवस पूर्ण ताकदीने चालले तर दीड कोटी युनिट वीज होते. तेवढी युनिटं सोलरमधून काढायला अडीच-तीन हजार मेगावॅट लागतील, मेगावॅटला चार एकर धरले तरी दहा हजार एकरांच्या पुढे जागा. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षाच्या पट्ट्यात कोण देणार एवढी? (एकलहरं रोज पूर्ण ताकदीने चालत नाही हा भाग वेगळा, त्यावर येतोच.) आणि विकसनशील देशाने आधी पोट भरावं की हवा साफ करावी, हा मुद्दाही हसण्यावारी न्यायचा नाही. आपल्याकडे माणशी वर्षाला १४०० युनिटच्या आसपास वीज वापरली जाते, जगाची सरासरी याच्या दुपटीहून जास्त. माणशी कार्बन आपला दोन टनांच्या आसपास, अमेरिकेचा चौदाच्या. ज्यांनी दीडशे वर्षं धूर सोडला त्यांनी आपल्याला प्रवचन द्यावं याचा राग येणं साहजिक आहे, मलाही येतो.

पण त्या रागातून नवं कोळशाचं युनिट बांधायचा निर्णय निघत नाही, कारण ते युनिट आपण अमेरिकेला चिडवायला बांधणार नाही, आपल्या बिलातून बांधणार आहोत. इथे एक साधी गोष्ट लक्षात घ्या जी टपरीवर कोणी बोलत नाही. विजेच्या दराचे दोन भाग असतात, एक प्लांट उभा केल्याचा, म्हणजे कर्ज, व्याज, परतावा, पगार, आणि दुसरा जाळलेल्या कोळशाचा. एकलहऱ्याची आजची युनिटं १९७९ ते ८१ मधली, त्यांचं भांडवल कधीच वसूल झालंय. कोळसा मात्र विदर्भातून शेकडो किलोमीटर रेल्वेने येतो, भाडं चढतं, म्हणून त्यांची वीज महाग आणि स्वस्तातली आधी घ्यायच्या रांगेत, ज्याला मेरिट ऑर्डर म्हणतात, त्यांचा नंबर मागे. लोक म्हणतात बघा, आपल्या प्लांटवर अन्याय. अन्याय कसला, जी वस्तू ठेवायला स्वस्त आणि चालवायला महाग ती अडीनडीला वापरायची असते. घरातली जुनी स्कूटर कोणी रोज मुंबईला नेत नाही, पण पावसात कार बंद पडली की तीच कामाला येते. नवं युनिट बरोबर उलटं. मेगावॅटला आठ-दहा कोटी धरले तरी ६६० ला सहा हजार कोटी सहज, त्याचा हप्ता प्लांट चालो न चालो भरायचा, म्हणजे ते दिवसभर चालवणं भाग, म्हणजे दुपारी दोन-अडीच रुपयांची सोलर वीज पडून असताना सुद्धा. नव्या कोळसा प्रकल्पांचे देशातले अलीकडचे दर सहा रुपयांच्या आसपास आलेत. ईएमआयवर कार घेतली म्हणून भाजी आणायला पण कारनेच जायचं, तसं.

जुनी युनिटं तेवढ्याच विजेसाठी जास्त कोळसा खातात आणि धूरही जास्त काढतात, हा आक्षेप त्या पोराने घेतलाच. बरोबर आहे. पण जुनं युनिट वर्षाचे मोजके आठवडे, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर हीटमधे चाललं आणि नवं वर्षभर चाललं, तर एकूण धूर कोणाचा जास्त? काकांचा आक्षेप त्याहून तगडा होता, ते म्हणाले बॉयलर म्हणजे गॅसची शेगडी नाही साहेब, थंड पडलेलं युनिट परत लाईनवर घ्यायला आख्खा दिवस जातो, रोज संध्याकाळी चालू-बंद करून दाखवा मला. यावर माझ्याकडे उत्तर नाही, ते शंभर टक्के बरोबर आहेत. म्हणूनच मी आठवडे म्हणतोय, तास नाही. रोजच्या संध्याकाळसाठी दुसरी सोय लागते.

बांधून ठेवलेलं पण न लागणारं कोळशाचं स्टेशन कसं दिसतं ते बघायला आपल्याला लांब जायला नको. सिन्नरला जा. २७० मेगावॅटची पाच युनिटं, १३५० मेगावॅट, चिमण्या उभ्या, आणि वीज घेणारा करारच नव्हता म्हणून वर्षानुवर्षं थंड पडून राहिल्या. तिथल्या शेतकऱ्याची जमीन गेली, बँकेचा पैसा गेला आणि वीज किती मिळाली? कोणी म्हणेल करार असता तर चाललं असतं. करार असला की काय होतं ते आपण दाभोळला, एन्रॉनच्या प्रकल्पात बघितलंय. १९९३ चा करार, ९५ ला रद्द, मग पुन्हा वाटाघाटी, ९९ ला ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा चालू, आणि २००१ मधे वीज मंडळाने खरेदी बंद केली कारण ती घेणंच परवडेना. वीज घ्या नाहीतर नका घेऊ, पैसे मोजा, असा तो करार, त्यात डॉलरची टांगती तलवार. पुण्याच्या प्रयाससारख्या संस्थेने हे आकडे मांडून आधीच सांगितलं होतं, पण तेव्हा मेगावॅटचा जोर होता.

मात्र एन्रॉनची गोष्ट सांगणारे बहुतेक लोक इथेच थांबतात आणि माझ्या मते अर्धीच गोष्ट सांगतात. दुधाने तोंड पोळल्यावर राज्याने ताक इतकं फुंकलं की प्यायलाच विसरलं. पुढची काही वर्षं पुरेशी नवी क्षमता आली नाही, मागणी मात्र वाढत राहिली, आणि २००५ नंतर काय झालं ते आठवतंय ना? गावाकडे बारा-बारा तास भारनियमन, दहावीची पोरं कंदिलावर, इन्व्हर्टरवाल्यांची दिवाळी. म्हणजे आधी नको तेवढं, नको त्या अटींवर घेतलं, आणि मग घाबरून काहीच घेतलं नाही. दोन्हीचा भुर्दंड आपणच भरला.

दक्षिण आफ्रिकेने दुसऱ्या प्रकारची चूक केली. १९९८ मधे त्यांच्या सरकारच्याच श्वेतपत्रिकेत लिहिलं होतं की साधारण २००७ पर्यंत जादा वीज संपेल, आत्ताच तयारीला लागा. सरकार खाजगी कंपन्यांची वाट बघत बसलं, सरकारी कंपनीला बांधू दिलं नाही. २००८ च्या जानेवारीत खाणी बंद ठेवायची वेळ आली. त्याच सुमारास घाईघाईने दोन अवाढव्य कोळसा स्टेशनं काढली, प्रत्येकी जवळपास ४८०० मेगावॅट, ती वर्षानुवर्षं रखडली, खर्च फुगला, आणि २०२३ मधे वर्षातले तीनशेहून जास्त दिवस लोडशेडिंग. वर्ष सुद्धा बरोबर सांगितलेलं होतं हो! आपण नाशिककरांनी तर यावर हसूच नये. सिंहस्थ बारा वर्षांनी येतो, तारीख पंचांगातून कधीही काढा, २००३, २०१५, २०२७, आणि तरी रस्त्यांची टेंडरं शेवटच्या दीड वर्षात. आज मंजूर झालेलं कोळशाचं युनिट पाच-सहा वर्षांनी चालू होईल, पुढे २५ वर्षांचा करार, म्हणजे २०३९ चा कुंभ जाईल, २०५१ चा जाईल, तरी आपण त्याचा हप्ता भरत असू. २०५१ ला बॅटरी काय भावाने मिळेल हे मला सांगता येत नाही, पण म्हणूनच तर आज २५ वर्षांची गाठ मारायची नाही.

मग संध्याकाळचं काय? याचं उत्तर मला मामाकडे मिळालं, निफाड तालुक्यात. मामाची दोन एकर द्राक्षं आणि बाकी कांदा. पूर्वी थ्री फेज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या पाळीला साडेबाराला लाईट यायची, मामा बॅटरी घेऊन उठणार, हातात काठी, पायात गमबूट, कांद्याचे वाफे भरत बसणार, आणि मामी ओट्यावर जागी, कारण उसात बिबट्या. मामा मोबाईलवर मोठ्याने भजन लावायचा, भक्तीपेक्षा बिबट्याला कळावं म्हणून. गेल्या वर्षी जवळच्या सबस्टेशनला सोलर जोडलं आणि त्यांचा शेतीचा फीडर, म्हणजे पंपांना वीज देणारी लाईन, दिवसावर आला. मी विचारलं, काय फरक पडला? मामा म्हणाला, "झोप लागते." एवढंच. पण प्लॅनिंगच्या नजरेतून बघा काय झालं ते. राज्यात ४५ लाखांच्या आसपास शेतीपंप आहेत. पंपाला संध्याकाळी साडेसातलाच वीज पाहिजे असं काही नसतं, कांद्याला दुपारी दिलेलं पाणीही चालतं. म्हणजे रात्रीची एवढी मोठी मागणी उचलून दुपारच्या सोलरखाली आणून ठेवली, एकही बॅटरी न घेता. माझ्या मते राज्यातलं गेल्या दहा वर्षांतलं सगळ्यात शहाणं वीज नियोजन हे आहे, आणि याच्यावर टपरीवर कोणी भांडत नाही कारण यात चिमणी पण नाही आणि चकचकीत पॅनलचा फोटो पण नाही, आहे ते नुसतं बदललेलं वेळापत्रक. अंबड-सातपूरच्या कारखान्यांना दुपारचा दर स्वस्त आणि संध्याकाळचा महाग लावणं हीही तीच युक्ती. मालेगावच्या यंत्रमागांना ती लागू पडेलच असं नाही, माग रात्रपाळीलाही चालतात आणि कारागिराच्या पोटाचं घड्याळ असं फिरवता येत नाही, तिथे सरसकट नियम लावला तर वाईट होईल.

उरलेल्या संध्याकाळसाठी साठवण. आपल्याकडे ती नवीन नाही, कोयनेचं धरण ही १९६० मेगावॅटची बॅटरीच आहे म्हणा ना, पाणी धरून ठेवायचं आणि मागणी चढली की काही मिनिटांत सोडायचं, फक्त पश्चिमेकडे सोडायच्या पाण्याला कृष्णा पाणीवाटप लवादाची मर्यादा आहे. भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला घाटघरला २५० मेगावॅटचं पंप स्टोरेज २००८ पासून आहे, स्वस्त विजेवर पाणी वर चढवायचं, महाग वेळेला खाली सोडायचं, शंभर युनिट घालून साधारण पंचाहत्तर परत. आता इगतपुरीकडच्या भावली परिसरात अशाच १५०० मेगावॅटच्या प्रकल्पाचा प्रस्ताव आहे, सह्याद्रीत असे बरेच रांगेत आहेत. इथे माझा हात जरा आखडतो. १९२१ ला मुळशीला सेनापती बापट उभे राहिले ते विजेविरुद्ध नव्हते, मावळ्यांची भातशेती बुडवून मुंबईच्या गिरण्या चालवायच्या याविरुद्ध होते. शंभर वर्षांनी प्रकल्पाला 'हरित' म्हटलं म्हणून इगतपुरीच्या आदिवासीने तेच सोसावं का? बॅटरीचे टेंडरमधले दर २०२२ च्या मानाने २०२५ पर्यंत निम्म्याच्याही खाली आलेत, त्यामुळे प्रत्येक डोंगराला भोक पाडायची घाई नको. पण बॅटरी दोन-चार तासांची. जुलैत आठ दिवस झड लागली की ती काय करणार? तेव्हा साक्री आणि साताऱ्याकडचा वारा जोरात असतो हे आपलं नशीब, आणि तरी कमी पडलं तर एकलहऱ्याची जुनी युनिटं. म्हणून ती ठेवायची.

आता जो म्हणतो नुसतं सोलर टाका, बाकीचं बाजार बघून घेईल, त्याने व्हिएतनाम बघावं. २०१८ पर्यंत जवळजवळ काहीच नाही, २०२० संपताना १६ हजार मेगावॅटच्या वर. सगळे खूश. पण पॅनल दक्षिणेत आणि मध्य भागात, तारा अपुऱ्या, दुपारची वीज फेकून द्यावी लागली, आणि २०२३ च्या जूनमधे उत्तरेत धरणं आटली तेव्हा तिथले कारखाने अंधारात बसले. तार टाकायला पॅनलपेक्षा जास्त वर्षं लागतात, म्हणून तारेचा विचार आधी करावा लागतो. आणि पाकिस्तान. २०२४ च्या एका वर्षात १७ हजार मेगावॅटच्या आसपास पॅनल आयात झाली, सरकारी योजनेमुळे नाही, ग्रिडच्या दरांना वैतागून. बंगलेवाले सुटले, कोळसा आणि गॅस प्लांटचे ठरलेले हप्ते मात्र तेवढेच, ते भरायला उरले कोण तर दोन खोल्यांत राहणारे. मी वर म्हटलं ना की माझं शून्य बिल कोणाला तरी महाग पडतं, हे ते.

अणुऊर्जा म्हणणारेही असतात, त्यांना एकच विचारायचं, कधी? तारापूर १९६९ पासून वीज देतंय आणि मला त्याची भीती वाटत नाही. पण जैतापूरचे ९९०० मेगावॅट आपण पंधरा वर्षांहून जास्त ऐकतोय आणि अजून एक युनिट नाही. २०४५ च्या कागदावर जरूर लिहा, २०३२ च्या कागदावर नको.

एकलहऱ्याला आहे काय आणि नाही काय ते बघा. कोळशाची खाण नाही. पण मोठमोठ्या लाईन येऊन मिळणारं स्विचयार्ड आहे, जमीन आहे, पाणी आहे आणि यंत्र कळणारी माणसं आहेत. बॅटऱ्या ठेवायला यापेक्षा तयार जागा जिल्ह्यात दुसरी नाही, कारण तार आधीच तिथे आहे. जुना जनरेटर बॉयलरशिवाय नुसता फिरवत ठेवला तरी ग्रिडला आधार मिळतो, ते सोलरला सहजासहजी जमत नाही. वीज कंपन्यांना आता पुढच्या दहा वर्षांचा मागणी-पुरवठ्याचा आराखडा करावाच लागतो, वीज नियामक आयोगाच्या दरांवरच्या सुनावणीत त्यावर बोलता येतं, पण तिथे आपण जातो ते वाढीव बिल आणि फॉल्टी मीटर घेऊन. त्या आराखड्यात मे महिन्यातल्या संध्याकाळी साडेसातच्या ओळीला काय लिहिलंय, हे तिथे उठून विचारलं पाहिजे.

परवा काका पुन्हा टपरीवर भेटले. तो पोरगा नव्हता. मी हे सगळं त्यांना सांगितलं, स्कूटर, ईएमआय, बॅटरी, मधेमधे ते मान हलवत होते. शेवटी म्हणाले, "पटतंय हो बरंचसं. पण प्लांट चालतो तेव्हा कंत्राटी धरून किती घरं त्यावर जगतात ते मी बघितलंय. बॅटरीच्या कंटेनरला किती माणसं लागतात? दहा? तुमच्या त्या दहा वर्षांच्या आराखड्यात आमची कॉलनी कुठल्या पानावर आहे?"

मी म्हटलं, कुठल्याच नाही. चहाचे पैसे त्यांनीच दिले.